रोहित पक्षी, एसटीचे कंट्रोलर आणि उशिरा मिळालेला नाश्ता

ताई,

मी 54 वर्षांची, पुण्यात धायरीला राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली, घर रिकामं झालं आणि मी कॅमेरा हातात घेतला. आता शनिवार-रविवार माझा पाय घरात ठरत नाही. हे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. गाडी हेच चालवतात, ट्रायपॉड हेच उचलतात आणि कुरकुरही हेच करतात. मी 'दोन मिनिटं' म्हटलं की घड्याळाकडे बघतात.

जानेवारीत भिगवणला गेलो होतो. पहाटे सव्वाचारला घर सोडलं, सातला बोटीत बसलो. समोर रोहित पक्ष्यांचा मोठा थवा. नावाडी म्हणाला, जवळ नेतो, सगळे एकदम उडतील, मग घ्या फोटो. तर हे म्हणाले, "बसू दे की त्यांना, तुझं काय खातायत?" मी गप्प बसले. पण साडेनऊच्या सुमाराला अचानक माझ्यावरच उखडले. "पुरे झालं, बोट फिरव!" म्हणून नावाड्यावर ओरडले. इतका संताप, की त्या थंडीत यांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. बोटीत आणखी एक जोडपं होतं, त्यांच्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठावर आलो, मासळीचं ताट पुढ्यात आलं, चार घास पोटात गेले आणि हे शांत. जसं काही घडलंच नाही. (यांना शुगर आहे, त्यामुळे खाण्यापिण्याचं जरा बघावं लागतं.)

गंमत म्हणजे माझेच फोटो हे नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. 'भाऊजी, काय फोटो काढलाय!' अशी वाहवा येते आणि हे नमस्काराचं चित्र पाठवून मोकळे होतात.

फेब्रुवारीत संभाजीनगरचं हॉटेल ठरवलंय. रविवारी पोहोचायचं, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी लोणारला मुक्काम. यांना इतिहासाचं वेड, म्हणून मुद्दाम हीच ठिकाणं निवडली. आता हे म्हणतात, "तू तुझ्या फोटोवाल्या मैत्रिणींना घेऊन जा, मी येत नाही." शिवाय एक सांगायचं राहिलं. नवी लेन्स यांना साठ हजारांची सांगितली आहे, ती लाखाच्या वर गेली. पैसे माझ्याच पगारातले. मी छंद आवरता घेऊ, की यांना घरी ठेवून जाऊ?

कॅमेरावाली, धायरी


प्रिय कॅमेरावाली,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. यजमानांना शुगर आहे. आता बोटीतला प्रसंग ते वाक्य धरून पुन्हा वाचा. सव्वाचारला घर सोडलं. वाटेत काही खाल्ल्याचा उल्लेख नाही, आणि तुम्ही ज्या बारकाईने बाकीचं लिहिलंय ते पाहता खाल्लं असतं तर तेही आलं असतं. म्हणजे साडेनऊपर्यंत पोटात बहुधा एक बिनसाखरेचा चहा. मग एकाएकी चिडचिड, थंडीत घाम, हाताला कंप आणि चार घास पोटात गेल्यावर सगळं शांत. मी डॉक्टर नाही. पण रक्तातली साखर उतरली की माणसाचं नेमकं असंच होतं, हे मधुमेह असलेल्या कुठल्याही घरात विचारा. तुम्ही त्याला संताप म्हणताय. मला तो संताप वाटत नाही, निदान सगळा तरी नाही.

तेव्हा पहिलं काम कॅमेऱ्याचं नाहीच, डॉक्टरांकडे जायचं आहे, आणि दोघांनी मिळून. यजमान कुठली गोळी घेतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर जेवण लांबलं की साखर उतरायची भीती जास्त. डॉक्टरांना सरळ विचारा: पहाटे निघायचं असेल त्या दिवशी सकाळची गोळी कधी घ्यायची, आणि तिच्यासोबत काय खायचं? स्वतःच्या मनाने गोळी पुढेमागे करू नका, चुकवू तर मुळीच नका. साखर तपासायचं छोटं यंत्र कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा, नाहीतरी त्या बॅगेत कप्प्यांना तोटा नसतो. आकडा 70च्या खाली आला, किंवा यंत्र हाताशी नाही आणि लक्षणं दिसताहेत, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग नीट काहीतरी खायला घालायचं. अशा वेळी चॉकलेट कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि भान हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात काठापासून लांब, बोटीत, हे सगळं आणखी अवघड होऊन बसतं, म्हणून बोटीत चढण्याआधी खाणं. पोळीची गुंडाळी, उकडलेलं अंडं, उपमा, त्यांना जे चालत असेल ते.

हे एवढं लांबवून लिहिलं, कारण तुमच्या पत्रातला सगळा तंटा तुम्ही 'छंद विरुद्ध नवरा' असा मांडलाय, आणि मला त्यात आधी भुकेला माणूस दिसला.

पोटाचं झालं, आता घड्याळाकडे येऊ. इथे मात्र तुमची बाजू लंगडी आहे.

तुमच्या यजमानांनी नोकरीभर गाड्या वेळेवर सोडल्या. फलाटावर उभं राहून कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली का रखडली, याची नोंद ठेवली. अशा माणसाला तुम्ही 'दोन मिनिटं' सांगता आणि चाळीस मिनिटं घेता. त्यांना चाळीस मिनिटांचं काही वाटत नसावं, राग येत असेल तो खोट्या दोन मिनिटांचा. चाळीस लागणार असतील तर चाळीस म्हणा. ते गाडीत पेपर वाचतील, टपरीवर जाऊन चहा घेतील, आसपास एखादं देऊळ असेल तर शिलालेख आहे का ते बघून येतील. आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला समोरच्या वेड्या राघूने कितीही झकास कोलांटी मारली तरी तुम्ही गाडीत बसलेल्या असाल.

'पण पक्ष्याला वेळ सांगून कसं चालेल?' हा प्रश्न तुमच्या ओठावर आला असणार. पक्ष्याला नाही, पण उजेडाला वेळ असते, आणि फोटो उजेडाचा निघतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. तो खाली असतो तोवर किरणं हवेच्या जाड थरातून तिरकी येतात, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि पिवळा-तांबूस उरतो, सावल्या लांब पडतात, पिसापिसाला उठाव येतो. साडेआठ-नऊनंतर हे ओसरत जातं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही महागाच्या लेन्समधून घेतला तरी फोटो मऊ येतो. तो लेन्सचा दोष नसतो, तुमचाही नसतो. मधल्या हवेचा असतो.

एक प्रयोग करून बघा. तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोत तो काढल्याची वेळ नोंदलेली असते. तुम्हाला स्वतःला आवडलेले, निवडून वेगळे ठेवलेले फोटो संगणकावर वेळेनुसार लावा. माझी पैज आहे की बहुतेक सगळे सकाळच्या पहिल्या दीड-दोन तासांतले आणि संध्याकाळच्या शेवटच्या तासातले निघतील. मग मधल्या सात-आठ तासांत तुम्ही थांबत, वळत, 'गाडी मागे घ्या' म्हणत जे काढता, ते कशासाठी? सवयीने. बोट फुकट जायला नको म्हणून. कॅमेरा गळ्यात आहे म्हणून. यजमानांचा मधला सगळा वेळ त्यात खाल्ला जातो आणि तुमच्या हाती त्यातून फारसं लागतही नाही.

म्हणून सकाळची वेळ तुमची, पूर्ण तुमची, त्यात त्यांनी घड्याळाकडे बघायचं नाही. नऊनंतर कॅमेरा बॅगेत आणि बॅग डिकीत. दुपार कुठे, कशी, किती वेळ घालवायची हे त्यांनी ठरवायचं. उन्हं कलली की पुन्हा तुम्ही. हे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. एसटीच्या माणसाला लेखी वेळापत्रकाचं वावडं नसतं.

ट्रायपॉडबद्दल थोडं बोलू द्या. नवी लेन्स लांब पल्ल्याची असणार, म्हणजे कॅमेऱ्यासकट दोन-अडीच किलोंचा ऐवज, वर ट्रायपॉड. ते ओझं कुणाच्या खांद्यावर? शुगर असलेल्या, निवृत्त माणसाच्या. बोटीत तर ट्रायपॉडचा काही उपयोगच नाही, बोट हलली की तोही हलतो. जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवा, तांदूळ किंवा वाटाणे भरा, बोटीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. अजिंठा-वेरूळला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड लावूच देत नाहीत. म्हणजे या सहलीपुरता तो घरी, आणि यजमानांचे हात मोकळे. 'जरा धरा', 'जरा सरका', 'फ्रेममध्ये येताय' ही तीन वाक्यं एका दिवसात किती वेळा तोंडातून जातात, ते मैत्रिणीला मोजायला सांगा. यजमानांना विचारू नका, त्यांना आकडा पाठ असेल.

रोहित उडवण्याच्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. थव्यात बोट घालून पक्षी उठवायचे आणि गुलाबी पंखांचा फोटो घ्यायचा, हा प्रकार सगळीकडे बोकाळलाय. ते पक्षी तिथे चरायला आलेले असतात, चोच उलटी धरून चिखलपाण्यातून बारीकसारीक अन्न गाळत असतात. दर बोटीगणिक त्यांना उठवलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जायचं. नावाडी तसं सुचवतो, कारण गिऱ्हाइकाला तेच हवं असतं हे तो शिकलाय. 'जवळ नेऊ नका, आम्ही थांबतो' असं पुढच्या वेळी तुम्हीच सांगा. शांत बसलात तर ते आपणहून उडतात, तोही फोटो मिळतो. आणि ज्या माणसाला 'बसू दे की त्यांना' असं वाटतं, त्याला पक्ष्यांचं काही पडलेलं नाही असं निदान मी तरी म्हणणार नाही.

त्याला जोडून ते व्हॉट्सअ‍ॅपचं. तुम्हाला ती चोरी वाटतेय. मला तिच्यात अभिमान दिसतो, फक्त तो सांगायची रीत अर्धवट आहे. ज्याला बायकोच्या छंदाचा वीट आलाय तो तिचे फोटो मामा-मावश्यांना पाठवत बसत नाही. पण नाव तुमचंच लागलं पाहिजे, त्यात भिडेचं कारण नाही. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, नवऱ्याकडून कॅमेरा शिकल्या, आणि सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने. तो काळ गेल्या शतकातल्या तीस-चाळीसच्या दशकांचा. पुढे 2011मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते त्यांच्या स्वतःच्या नावाने. तुम्हाला एवढं थांबायचं कारण नाही. फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव टाका आणि मगच यजमानांना पाठवा. पुढच्या वेळी भाऊजींचं कौतुक आपोआप वहिनींकडे वळेल.

संध्याकाळी खोलीवर गेल्यावर काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी ओळखू शकते. लॅपटॉप उघडतो, शेकड्यांनी फोटो उतरतात आणि 'हा बरा की हा?' सुरू होतं. एका बटणावर सेकंदाला दहा फोटो पडतात, त्यातला तिसरा आणि चौथा यांतला फरक तुमच्याखेरीज जगात कुणाला दिसत नाही. छाटणी घरी आल्यावर करा. त्यांना दाखवायचेच असतील तर पाच दाखवा आणि मत विचारलंत तर ते ऐका. एखाद्या फोटोबद्दल ते म्हणतील, 'हा पक्षी नुसताच बसलाय.' बरोबर असतं ते बऱ्याचदा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. छंद आवरायचा नाही. लेक बाहेर गेल्यावर कितीतरी बायका त्या रिकाम्या खोलीत बसून राहतात, तुम्ही उठून भिगवणला गेलात. हे हातचं सोडण्यासारखं नाही. पण प्रत्येक शनिवारी जोडीनेच गेलं पाहिजे, हा नियम कुणी केला? निव्वळ पक्ष्यांसाठी, पहाटे चारला उठून जायच्या ज्या फेऱ्या आहेत, त्यांना मैत्रिणींबरोबर जा. बिनधास्त जा. यजमानांना घरी ठेवणं म्हणजे त्यांना टाकून जाणं नव्हे, त्यांनाही मिसळ खाऊन दुपारी झोपायचा एखादा रविवार हवा असेल. 'नवऱ्याला सोडून हिंडते' म्हणणारे भेटतीलच. ते लोक पक्षी बघायला येत नाहीत, त्यामुळे भिगवणला त्यांची गाठ पडत नाही.

संभाजीनगर मात्र दोघांनी जायचं. तुम्ही ठिकाणं त्यांच्यासाठी निवडलीत, हे त्यांना सांगितलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. आधी ते सांगा.

वेरूळचं सोनं असं, की तिथे पहाटे उठायची गरजच नाही. लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या अंगावर खोदलेली आहेत, सकाळी डोंगर उन्हाच्या आड येतो आणि दर्शनी भाग सावलीत असतो. कैलास लेण्यावर चांगला उजेड दुपार कलल्यावर येतो. म्हणजे सकाळी निवांत नाश्ता, गोळी वेळेवर, मग मार्गदर्शक घेऊन यजमानांच्या मनासारखं लेणं बघणं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ. हे सगळं त्यांना ऐकायचंय, आणि तुम्हीही कॅमेरा बॅगेत ठेवून ऐका. कुठला खांब, कुठला हत्ती, रावण कैलास हलवतोय तो पट कुठे, हे सकाळी पायाखालून गेलं की दुपारी नेमकं कुठे उभं राहायचं ते तुम्हाला माहीत असेल. मधल्या वेळात जेवण, घृष्णेश्वराचं दर्शन आणि वेरूळ गावातली मालोजीराजे भोसल्यांची गढी. इतिहासवेड्या माणसाला गढी दाखवलीत तर तो परतीच्या वाटेवर स्वतःहून गाडी थांबवेल. मग साडेतीनपासून कैलास तुमचा. ते सावलीत बसतील नाहीतर हॉटेलवर जातील, त्यांची मर्जी.

अजिंठा पूर्ण त्यांचा समजा. चित्रांची लेणी अंधारी, फ्लॅश बंद, गर्दी मागून ढकलते. तिथे कॅमेऱ्याशी झुंजण्यात हशील नाही, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभं राहून नुसतं बघा. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखी लेण्यांची रांग बाहेरून दिसते, तेवढा एक फोटो घ्या. सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. यजमानांचे गुडघे कुरकुरत असतील तर डोलीवाले असतात, लाजायचं कारण नाही. लोणारची पहाट तुमची एकटीची. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर, उल्कापाताने बेसॉल्टात पडलेलं, काठावरून उजाडताना बघण्यासारखं आहे. खाली उतरायचं तर स्थानिक वाटाड्या सोबत घ्या, उतार तीव्र आहे आणि रान दाट. यजमान झोपू देत. तुम्ही परत याल तेव्हा ते नाश्ता करून बसलेले असतील.

लेन्सची किंमत निघण्याआधी सांगून टाका, घरी, चहा घेताना. गाडीत नको, तिथे उठून जाता येत नाही. पैसे तुमचे होते, त्यामुळे माफी मागायची ती किंमतीची नाही, वरचे चाळीस हजारांहून जास्त लपवल्याची. ते दोन दिवस बोलणार नाहीत. चालेल.

आणि निघण्याआधी एक काम तातडीने करा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. तुम्ही दोन्ही नेमकी बंदच्या दिवशी ठेवली आहेत. दिवसांची फक्त अदलाबदल करायची, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, हॉटेल बदलायला नको. पण हे तुम्ही स्वतः दुरुस्त करू नका. कागद तसाच यजमानांच्या पुढे ठेवा आणि म्हणा, "अहो, हे जरा बघता का, काही चुकलंय का?"